उरल्यास परत

तो प्रश्न मी लिहिला होता. जेवणाच्या सुट्टीला वीस मिनिटं राहिली होती, वकील मंडळी घड्याळाकडे बघत होती आणि मला भूक लागली होती. एवढ्या तयारीवर मी देशातल्या कोट्यवधी लोकांना विचारायचा प्रश्न लिहून मोकळी झाले.

ई-रुपया येऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. नोटेला आठवण नसते. ती कुणाच्या खिशातून कुठे गेली, कशासाठी गेली, हे नोट सांगू शकत नाही. ई-रुपयाला मात्र सगळं आठवतं. लग्नात दिलेल्या भांड्यावर जसं 'अमक्याकडून तमक्यास' असं नाव घालतात, तसं प्रत्येक व्यवहारावर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि कारण कोरलेलं असतं. फरक एवढाच, की हे नाव कुणाला खोडता येत नाही, आणि पुढच्या प्रत्येक व्यवहाराबरोबर ते मागे मागे येतं.

या आठवणीवर आम्ही 'ओघ' ही वसुलीची प्रणाली बांधली. पूर्वी कोर्टाचा हुकूमनामा हातात घेऊन माणूस दहा-दहा वर्षं बेलिफाच्या मागे फिरायचा, आणि तोवर देणेकरी सगळं बायकोच्या नावावर करून मोकळा व्हायचा. ओघ खात्यात येणारी प्रत्येक रक्कम दारातच थांबवून तीन गोष्टी बघतो. ही रक्कम कुणाच्या मालकीची? त्या मालकाकडे सरकारचा कर निघतो का? कोर्टाने कुणाचं देणं ठरवून दिलंय का? निघत असेल तर पैसे तिथूनच ज्याचे त्याला जातात. सगळ्याला मिळून चार सेकंद.

मला त्याचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा आहे. बंद पडलेल्या गिरण्यांतल्या कामगारांचे थकलेले पगार ओघाने मिळवून दिले. पोटगी बुडवणारे नवरे वठणीवर आणले. पहिल्या वर्षी एका बाईने आमच्या ऑफिसात दोन किलो पेढे पाठवले होते.

अडलं ते मदतीच्या पैशापाशी. एखाद्या आजारी माणसासाठी लोकांनी वर्गणी काढली, तर तो पैसा कुणाचा? त्या माणसाला दिला म्हणावा, तर तो त्याचा झाला, आणि मग त्यावर सावकाराचाही हात पोचतो आणि कर खात्याचाही. उपचाराला दिला म्हणावा, तर तो माणूस नुसता सांभाळणारा, आणि सांभाळायला दिलेल्या पैशाला कुणी हात लावू शकत नाही. आता हे ठरवणार देणाऱ्याचं मन. ओघाला मन कळत नाही, हो किंवा नाही एवढंच कळतं. म्हणून देणाऱ्याच्या पडद्यावर एक प्रश्न टाकायचं ठरलं. वकिलांना संदिग्ध काही नको होतं. मी लिहिलं:

'ही रक्कम फक्त वर दिलेल्या कारणासाठी वापरावी, आणि ती उरल्यास किंवा कारण पूर्ण न झाल्यास मला परत मिळावी, अशी माझी अट आहे.' खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

दोनशे लोकांवर चाचणी घेतली. दहातल्या नऊ जणांनी 'हो' दाबलं. चाचणीला आलेले सगळे हिंजवडीत नोकरी करणारे होते, हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. मलाही नाही. मी जेवायला गेले.

माझं माहेर जयसिंगपूरचं. भाऊ भूपाल मगदूम, मी त्याला अण्णा म्हणते. त्याचा मंडपाचा धंदा. गावातलं निम्मं लग्नकार्य त्याच्या छताखाली झालेलं, आणि मयताच्या दारात टाकलेल्या मंडपाचं भाडं त्याने जन्मात घेतलं नाही. मंडपाच्या झालरी कमलवैनी शिवायची. मी तेराची असताना ती आमच्या घरात आली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असं पुरुषासारखं बोलतात. पुण्यात आल्यावर माझं ते सुटलं, आणि दर सुट्टीत वैनी मला त्यावरून चिडवायची. बाकी चिडवण्यासारखंही तिला माझ्यात पुष्कळ सापडायचं.

तो प्रश्न लागू झाला त्याच्या पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तिला रक्ताचा कर्करोग निघाला. नेहमीची औषधं लागू पडेनात. मिरजेच्या डॉक्टरांनी पेशींचा उपचार सुचवला. रोग्याच्याच पांढऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचं, आणि परत रक्तात सोडायच्या. आपलेच शिपाई, फक्त त्यांना चोराचा फोटो दाखवायचा, असं डॉक्टरांनी समजावलं. खर्च अठ्ठावीस लाख, आधी भरायचा. आणि घाई एका गोष्टीची होती. पेशी काढायच्या तर त्या अंगात पुरेशा असायला हव्यात, आणि वैनीच्या रोज कमी होत होत्या. डॉक्टर म्हणाले, दोन आठवड्यांच्या आत जमवा.

वर्गणीसाठी इंटरनेटवर मदतीचं पान मी पुण्यात बसून तयार केलं. खातं अण्णाचं घातलं, कारण गाव त्याला ओळखत होतं. त्याआधी मी त्याला फोनवर सरळ विचारलं होतं, की कुणाचं देणं, कोर्टाचं काही, असं तुझ्या नावावर आहे का. तो जरा रागावलाच. मगदुमाच्या घरावर कुणाचा रुपाया नाही, म्हणाला. मी पुढे विचारलं नाही. माझे दोन लाख घातले, प्रश्न समोर आला तेव्हा 'हो' दाबलं. विचारही केला नाही, प्रश्न माझाच होता.

जयसिंगपूरने जे केलं ते मी विसरणार नाही. पाच दिवसांत एकोणीसशे चाळीस लोकांनी एकतीस लाख दिले. फुलवाल्यांनी दिले, आचाऱ्यांनी दिले, बँडवाल्यांनी दिले. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्या लग्नात अण्णाने उधारीवर मंडप टाकला होता, त्यांनी दिले. अशी पानं चालवणारी संस्था पाच दिवस पैसे पडताळणीसाठी धरून ठेवते आणि मग एकदम सोडते. सहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता अण्णा हॉस्पिटलच्या पैसे भरायच्या खिडकीपाशी फोन हातात घेऊन उभा होता.

अकरा वाजून दोन मिनिटांनी त्याचा मला फोन आला.

"अनू, पैसे आले आणि गेले."

मी माझ्या टेबलावरच त्याचं खातं उघडलं. नातं नोंदवून ते बघायची मला परवानगी होती. एकोणीसशे चाळीसपैकी अठराशे एकाहत्तर लोकांनी 'नाही' दाबलं होतं. म्हणजे ते पैसे अण्णाला बिनशर्त दिलेले, अण्णाच्या मालकीचे. परक्यांकडून एवढी रक्कम भेट मिळाली म्हणून कर खात्याने आपला वाटा आधी घेतला. उरलेले एका बुडालेल्या पतसंस्थेच्या अवसायकाकडे, म्हणजे थकलेली कर्जं वसूल करून ठेवीदारांना वाटणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेले, कारण तिथल्या एका कर्जाला भूपाल मगदूम जामीन होता. 'हो' दाबलेल्या एकोणसत्तर जणांचे पैसे जागच्या जागी होते. त्यात माझे दोन लाख, आणि बाकीच्यांचे मिळून जेमतेम एक.

ओघाने कुठेही चूक केली नव्हती. मी तीनदा तपासलं.

संध्याकाळपर्यंत मी मिरजेत पोचले. अण्णा हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसला होता. त्याने सांगितलं ते असं, की अकरा वर्षांपूर्वी पोपट चौगुल्याने नवे स्पीकर घ्यायला कर्ज काढलं होतं. मंडप आणि स्पीकर एकाच लग्नाला जाणारे, दोघांचं रोजचं उठणं-बसणं. एका लग्नात खुर्च्यांची चळत लावलेली होती, तिच्यावर कागद ठेवून अण्णाने उभ्याउभ्या सही केली. आमच्या भागात असंच चालतं. आज तू माझा जामीन, उद्या मी तुझा. नाही म्हणायला जीभ रेटत नाही. वर्षभराने चौगुल्याने हात वर केले आणि तो सुरतेला निघून गेला. मग पतसंस्थाच बुडाली. नोटीस आली ती अण्णाने गोदामात झालरींच्या पेटीखाली सारली.

मी विचारलं तेव्हा का सांगितलं नाहीस, असं मी त्याला विचारलं. माझा आवाज चढला होता, येणारे-जाणारे बघत होते.

"ते माझं देणं आहे असं मला वाटलंच नाही गं," तो म्हणाला. "मी त्यातला रुपाया खाल्लेला नाही."

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले.

कायद्यात एक फट होती. देणाऱ्याने चुकून 'नाही' दाबलं असेल, तर पंधरा दिवसांत तसं सांगता येत होतं. कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने: देताना माझी अट होती, चुकून वेगळं दाबलं गेलं. निम्म्याहून जास्त लोकांनी सांगितलं तर प्रकरण लवादापुढे जाणार होतं. मी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरायला लागले. पहिलं घर रत्नाबाईंचं, आमच्या गल्लीतलं. पापड लाटून जगणारी एकटी बाई. तिने दोन हजार दिले होते.

मला बघून ती खुशीत आली. बुडालेल्या ठेवीतले सातशे रुपये इतक्या वर्षांनी आपोआप खात्यात आले, आता पापडाला उडीद भरता येतील, म्हणून सांगायला लागली. ते सातशे रुपये तिने वैनीला दिलेल्या दोन हजारांतलेच होते, हे मला कळलं, पण तिला सांगायला माझी जीभ उचलली नाही. गावात निम्म्या घरांत तेच झालं होतं. त्या पतसंस्थेत ठेवी कुणाच्या होत्या, तर ह्यांच्याच.

'नाही' का दाबलंत, असं मी तिला विचारलं. तिला प्रश्नच कळेना. मी फोनवर परत दाखवला. तिने सावकाश वाचला.

"उरलं तर परत दे, असं कमलला कसं म्हणायचं गं?" ती म्हणाली. "ती अंथरुणाला खिळलीय आणि मी तिच्याकडं हिशोब मागू व्हय?"

मग मी तिला काय बोलायचं ते सांगितलं. आम्ही जैन, आणि रत्नाबाई व्रतं कसोशीने पाळणारी. खोटं बोलायचं नाही हे तिचं व्रत होतं. अट होती असं म्हणायचं म्हणजे धडधडीत खोटं. ती आत गेली, देवापुढे थोडा वेळ बसली, आणि बाहेर येऊन माझ्यासमोर खुर्चीत ताठ बसली. "ह्या खोट्यापायी वर्षभर गूळ सोडला बघ मी. आता लाव तुझा कॅमेरा," म्हणाली. आणि नजर न हलवता ते वाक्य बोलली.

अकरा दिवसांत मी अकराशे लोकांकडून ते वाक्य वदवून घेतलं. बँडवाल्यांनी एका रांगेत उभं राहून सांगितलं. एका निवृत्त मास्तरांनी व्याकरण सुधारून सांगितलं. काहींनी दार उघडलं नाही. त्यांनाही मी दोष देत नाही. एका भल्या माणसाने मला विचारलं, की पैसे परत ओढले तर ठेवीदारांचे जातील ना, आणि त्यात माझी विधवा बहीण आहे. मी हो म्हटलं. त्याने तरीही सांगितलं, आणि मी जाताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

प्रकरण लवादाकडे गेलं. पैसे घ्यायला चार सेकंद लागले होते. परत द्यायचे का, हे ठरवायला तारीख मिळाली चाळीस दिवसांनंतरची. मी ओळखी काढल्या, वरच्यांना फोन केले, एका साहेबापुढे चक्क रडले. साहेब म्हणाले, मॅडम, ही प्रणाली तुम्हीच बांधलीत, मध्ये हात घालायची सोय तुम्हीच ठेवली नाहीत.

ते खरं होतं.

लोकांनी पुन्हा द्यायला सुरुवात केली, या वेळी थेट हॉस्पिटलात. पण जवळ होतं ते त्यांनी पहिल्याच वेळी देऊन टाकलं होतं. नऊ लाख जमले, ते खाटेला आणि औषधांना लागत गेले. मी पुण्याच्या फ्लॅटवर आणखी कर्ज मागितलं. फ्लॅटवर आधीचंच कर्ज होतं, बँकेने कागद मागवले, मग आणखी कागद मागवले.

वैनी अण्णाशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तो तिच्यासाठी पेज घेऊन आला आणि दारातच घुटमळत उभा राहिला. मी खिडकीपाशी होते.

"सही करताना मला विचारलं असतंत," ती त्याला म्हणाली, "तर मीबी करा म्हणालो असतो. या आत. गार होईल ती."

तो स्टुलावर बसून तिला चमच्याने पेज भरवू लागला, आणि दोघांच्याही डोळ्यांना पाणी होतं. मी बाहेर गेले.

त्या दुपारी तिने मला जवळ बसवून सगळं नीट समजावून घेतलं. ओघ काय, अट काय, प्रश्न कुणी लिहिला. मी लपवलं नाही. तिने तो वाचून दाखवायला सांगितला.

"तू काय दाबलंस?" तिने विचारलं.

"हो दाबलं."

ती हसली. रागाने नाही, नेहमीसारखं, चिडवायला. "शहाणी हाईस. तुझेच तेवढे राहिले बघ."

मी तिला सांगायला गेले, की अगं, ते अट म्हणून नव्हतं, पैसे तुझ्याकडेच राहावेत म्हणून होतं. तिने माझा हात थोपटला आणि डोळे मिटून घेतले. तिला राग आला नव्हता हे मला माहीत आहे. पण गावाच्याने जे तिला म्हणवलं नाही, ते तिच्या घरातल्या एकीने म्हटलं होतं, आणि ती मी होते. कारण काहीही असो.

पैसे गेल्यापासून सत्ताविसाव्या दिवशी बँकेचं कर्ज मंजूर झालं. मी पैसे भरायला खिडकीपाशी गेले, तर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. सकाळच्या तपासणीत काढण्याजोग्या पेशी उरल्या नव्हत्या. शिकवायला शिपाईच नाहीत, म्हणाले. दोन आठवड्यांपूर्वी होत्या का, असं मी विचारलं. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी उत्तर द्यायचं टाळलं. वैनी त्यानंतर नऊ दिवस होती. शेवटचे चार घरी, आपल्या शिवणाच्या मशीनशेजारी खाट टाकून. मंडप अण्णाने स्वतः बांधला, कुणाला हात लावू दिला नाही.

लवादाचा निकाल ठरल्या तारखेला लागला, वैनी जाऊन वीस दिवस झाले होते. निकाल आमच्या बाजूने होता. अकराशे लोकांची साक्ष ग्राह्य धरली होती, आणि त्यावरून सगळीच वर्गणी सशर्त ठरवली होती. ते पैसे भूपाल मगदूम याच्या मालकीचे कधीच नव्हते, ते उपचारासाठी राखीव होते, सबब कर खात्याने आणि अवसायकाने ते परत करावेत. आणि ज्या कारणासाठी दिले ते कारण आता पूर्ण होणे नाही. सबब अटीनुसार ज्याचे त्याला.

ओघाने ते चार सेकंदांत केलं.

मी तेव्हा अण्णाकडेच होते. अर्ध्या तासात रत्नाबाई आली, फोन पुढे करत. तिच्या खात्यातून ठेवीचे सातशे गेले होते आणि दिलेले दोन हजार आले होते. खाली मी कधीतरी मंजूर केलेला मजकूर होता: 'आपली अट पूर्ण न झाल्यामुळे रक्कम परत करण्यात येत आहे.'

"हे मला नको," ती म्हणाली. "कमलसाठी खोटं बोललो, ते ठीक. पण ती गेली म्हणून तिला दिलेलं मी परत घेऊ व्हय? माझ्या घरात ह्याचे उडीद मी आणणार नाही."

मी तिला समजावलं, की आता काही करता येत नाही. अण्णाला परत पाठवलेस तर त्याच्याकडे राहणार नाहीत, कर जाईल, उरलेले पतसंस्थेत जातील, ठेवीदारांत वाटले जातील. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, त्याने भूपालच्या डोक्यावरचं तेवढं उतरेल ना. मी म्हटलं, उतरेल.

"मग जाऊ दे की," ती म्हणाली, आणि तिथेच जोत्यावर बसून तिने ते अण्णाला पाठवले. माझा प्रश्न तिच्या पडद्यावर आला. या वेळी तिला तो पूर्ण कळत होता. तिने 'नाही' दाबलं.

दुपारनंतर एकेक जण यायला लागला. आचारी आला, बँडवाले आले, व्याकरणवाले मास्तर आले. बहिणीचं विचारणारा तो माणूसही आला. सगळे आले असं नाही. ज्यांना गरज होती त्यांनी ठेवले, आणि ते बरंच केलं. पण अंधार पडेपर्यंत जोत्यावर माणसं येऊन बसत होती, फोन काढत होती, आणि अण्णाच्या हातातला फोन वाजत होता. तो प्रत्येक नाव वाचत होता. रक्कम यायची, चार सेकंद दिसायची आणि शून्य व्हायचं. तो शून्याकडे बघत नव्हता, पुढच्या नावाची वाट बघत होता. एकदाच मान वर करून मला म्हणाला, "हे सगळं कमलला दिसायला पाहिजे होतं गं."

माझेही दोन लाख सकाळीच माझ्या खात्यात परत आले होते, त्याच मजकुरासकट. सगळे गेल्यावर मी आत जाऊन वैनीच्या मशीनपाशी बसले. रक्कम लिहिली, नाव घातलं. प्रश्न आला. मी तो सावकाश शेवटपर्यंत वाचला, जणू दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, आणि 'नाही' दाबलं. बाहेर अण्णाचा फोन वाजला. त्याने माझं नाव मोठ्याने वाचलं, आणि मी तिथेच बसून रडले.